वावरमीमांसा

परदेशप्रवेशाच्या नियमांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. फोटो दोन इंच बाय दोन इंच असावा की पस्तीस मिलिमीटर बाय पंचेचाळीस, अमेरिकेच्या फोटोत नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा का चालत नाही, युरोपातल्या शेंगेन देशांना तीस हजार युरोंचा विमा आणि पासपोर्टात दोन कोरी पानं कशाला लागतात, हे एजंट लोकांना तोंडपाठ असतं. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. आमचा विषय त्याहून क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच विद्वानांची नजर त्यावर गेलेली नाही. माणूस परदेशी निघाला की त्याच्या वावराचं काय?

वावर म्हणजे शेत. पुण्याकडच्या वाचकांसाठी एवढा खुलासा पुरे.

आमची प्रतिज्ञा अशी: कोणत्याही परक्या देशाला तुमचं वावर कागदावर पाहिजे असतं, आणि तेच वावर बुटाला लागलेलं दिसलं की तोच देश हातमोजे घालतो. हे आधी सिद्ध करू, आणि सिद्ध करून कोणाचंही काही भलं होत नाही, हे ओघानं दिसेलच.

शास्त्राला उदाहरणासाठी देवदत्त लागतो. मीमांसकांचा देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. त्या अर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, असं ठरवून पंडितांनी शतकानुशतकं बिचाऱ्याचं खाणं काढलं. आमचा देवदत्त सडपातळ आहे आणि दोन्ही वेळ ओसरीवर चारचौघांदेखत जेवतो. वय बासष्ट, मुक्काम बार्शीटाकळी, जिल्हा अकोला. चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि मधूनमधून तुरीचं तास. एक बैलजोडी, एक गाय. एकुलता एक मुलगा मेलबर्नला, आणि सून ऑक्टोबरात बाळंत होणार. देवदत्ताच्या बायकोचं नाव शास्त्रात कुठं सापडत नाही. गावात तिला मोठी माय म्हणतात, तेच इथं चालवून घेऊ.

बार्शीटाकळी हे अकोल्याहून वीसेक किलोमीटरवरचं, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. नावाचे पाठभेद बरेच. इंग्रजांच्या जुन्या दप्तरात ते बार्सी टाकली आहे, देवदत्ताच्या शाळेच्या दाखल्यात एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरं, आणि मुंबईच्या कोणत्याही खिडकीवर गेलं की पलीकडून 'म्हणजे सोलापूरची बार्शी ना?' हा पाठ येतो. वास्तविक हे गाव चांगलं पुरातन आणि पुराव्यानिशी पुरातन आहे. इथल्या कालंका देवीच्या हेमाडपंती मंदिरात शके १०९८चा, म्हणजे इसवी सन ११७६-७७चा शिलालेख आहे. साडेआठशे वर्षं उन्हापावसात टिकलेला कागद जगात दुसरा कोणता? पण व्हिसाच्या कामी त्याचा उपयोग नाही. त्यावर अपोस्टिल नाही. परदेशी कागदांच्या साक्षांकनाचा हेग करार १९६१चा, भारत त्यात २००५ साली शिरला, आणि शिलालेख स्कॅन करून चढवायचा तर फाइल जड होते.

आता पूर्वपक्ष. अमेरिकेचा १९५२चा परकीयांविषयीचा कायदा आहे, त्याचं कलम २१४(ब) सगळ्या व्हिसाशास्त्राचं मूळ मानायला हरकत नाही. ते असं सांगतं की, तात्पुरत्या मुक्कामाला म्हणून दारात आलेला प्रत्येक माणूस कायमचा राहायला आला आहे असं समजावं, आणि तसं नाही हे त्यानं स्वतः पटवून द्यावं. जावई चार दिवसांसाठी म्हणून आला तरी गादी बळकावायलाच आला आहे असं धरून सासऱ्यानं दार किलकिलं करावं, तशातला हा प्रकार. ऑस्ट्रेलियाची भाषा जरा सौम्य. तिथं तुम्ही 'खरोखरीचे पाहुणे' आहात की नाही एवढंच पाहतात. अर्थ एकच. परत येणार कशावरून?

ह्या प्रश्नाला शहरातला माणूस पगाराची चिठ्ठी दाखवतो. देवदत्ताचा पगार मृगावर आणि कापसाच्या भावावर अवलंबून. म्हणून त्याच्या एजंटानं सांगितलं, सातबारा आणा.

इथं व्हिसा अधिकारी आणि न्यायशास्त्राचे गौतमऋषी एकाच पाटावर येऊन बसतात. डोंगरावर धूर आहे, म्हणून डोंगरावर अग्नी आहे. जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, जसं की स्वयंपाकघर. तद्वत देवदत्ताकडे सातबारा आहे, म्हणून देवदत्त परत येणार. ज्याच्या ज्याच्याकडे सातबारा, तो तो परत येतो. आता जसं की कोण, असं विचारलं तर पंचाईत. कारण ह्या व्याप्तीचा व्यभिचार, म्हणजे नियमाचा अपवाद, देवदत्ताच्या घरातच राहतो. मुलगा त्याच चार एकरांचा वारस. त्याला जाताना कोणी सातबारा मागितला नाही, पदवी मागितली. तो गेला, आणि परत यायचं नाव घेत नाही. पदवी असलेला राहतो आणि वावर असलेला परततो, असा नवा नियम ह्यातून काढता येईल. पण मग वावरवाल्याला एवढं ताटकळत ठेवायचं काय कारण, ते नियम सांगत नाही.

असो. देवदत्त तलाठ्याकडे गेला.

"सातबारा काहून पाह्यजे, काकाजी? कर्ज घेऊन राह्यले काय?"

"नाही ना बाप्पा. ऑस्ट्रेलियाले जाऊन राह्यलो."

"मंग वावर घेऊन जाता काय तिकडे?"

तलाठ्यानं हा प्रश्न गमतीनं विचारला. पुढं विमानतळावर तोच प्रश्न सरकारी गांभीर्यानं विचारला जाणार होता.

सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, गाव नमुना बारा सांगतो तिच्यात पीक कोणतं. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. परदेशगमनाच्या साऱ्या खर्चात पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं अशी ही एकच बाब. देवदत्ताच्या उताऱ्यावर १ हेक्टर ६२ आर क्षेत्र, भोगवटादार वर्ग एक, आणि 'इतर हक्क' ह्या रकान्यात सेवा सहकारी सोसायटीचा बोजा. एजंट म्हणाला, हा बोजा दिसायला बरा नाही, कर्जदार माणूस वाटतो. ह्या मताचं आम्ही जोरदार खंडन करतो. परतण्याचा पुरावा म्हणून बोज्याइतका सज्जड कागद दुसरा नाही. मालकीचं वावर माणूस विकूनही जाऊ शकतो. पण ज्याच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज आहे तो मेलबर्नच काय, वैकुंठाला गेला तरी मार्चअखेरीला त्याला बोलावणं जातं. व्हिसा अधिकाऱ्यांनी सातव्या नमुन्यातल्या मालकाच्या नावाआधी हा रकाना वाचायला शिकावं.

पुढचा कागद उत्पन्नाचा. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१)नं शेतीचं उत्पन्न करमुक्त ठेवलं. फार चांगलं केलं. पण त्यामुळे आयकराच्या दृष्टीनं देवदत्त हा वंध्यापुत्र किंवा खपुष्प ह्या वर्गातला पदार्थ झाला. तो विवरणपत्र भरत नाही, म्हणून तो कमावत नाही, म्हणून तो जेवत नाही, आणि तरीही तो आहे. मीमांसकांचा लठ्ठ देवदत्त त्यापुढे सोपा. मग सनदी लेखापालाकडून मालमत्तेचा दाखला करवून घ्यायचा, ज्यात चार एकरांची किंमत बाजारभावानं लावल्यावर देवदत्त लखपतीच्या पुष्कळ वर जातो. त्याच वेळी घरातल्या ट्रंकेत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला असतो, जो पुतणीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला होता. त्यात हाच माणूस वर्षाला इतकं थोडं कमावतो की त्याच्या उपासमारीबद्दल काळजी वाटावी. दोन्ही दाखल्यांवर गोल शिक्के आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एजंटानं दुसरा दाखला ट्रंकेतच राहू द्यायला सांगितलं.

बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय होईल. त्यात पीएम-किसानचे दोन हजार, नमो शेतकरीचे दोन हजार, कापूस विकल्यावर आलेली एक मोठी रक्कम, आणि तिच्यामागोमाग खतवाला, दवाईवाला, वेचणीची मजुरी अशी वाट फुटलेली धार. दवाई म्हणजे पिकावरची, माणसाची नव्हे. परदेशातल्या वाचकाला एवढी मोठी औषधं पाहून देवदत्त आजारी वाटण्याची शक्यता आहे. शेवटी मुलानं खर्चाची हमी लिहून दिली आणि व्हिसा आला. म्हणजे चार एकर वावरानं परतण्याची साक्ष दिली आणि न परतणाऱ्या मुलानं पैशाची.

इथं एक शंका निघते. कागदावर एक आणि वहिवाटीत दुसरं, ही तऱ्हा वऱ्हाडात नवी आहे काय? मुळीच नाही. उभ्या वऱ्हाडाचाच सातबारा काढून पाहा. मालक, निजाम. वहिवाटदार, कंपनी सरकार. इतर हक्कात बोजा: हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा थकलेला खर्च. त्याच बोज्यापायी १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ साली ते वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचं मक्त्यानं गेलं, आणि मालकीच्या रकान्यातलं नाव तेवढं तसंच राहिलं. इतकं की, १९३६च्या करारानंतर निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. युवराज बेरारचा, बेरारात पेरणी-कापणी दुसऱ्याची. मक्त्यानं वावर देणाऱ्या कोणाही वऱ्हाडी माणसाला ही व्यवस्था नकाशा न काढता समजते.

अशा मक्त्याच्या मुलखातून एक माणूस विलायतेला निघाला होता. १९१८च्या वसंतात लोकमान्य टिळकांबरोबर होमरूलचं जे शिष्टमंडळ इंग्लंडला जायला निघालं, त्यात अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथं पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. महायुद्ध चालू होतं आणि सरकारला ही मंडळी लंडनात नको होती. आमच्या विषयाच्या दृष्टीनं ह्यातला मुद्दा असा की, त्यांना कोणी परत येणार काय असं विचारलं नाही. ते परत येतील ह्याची सरकारला खात्री होती, आणि नेमकी तीच अडचण होती.

त्याआधीच्या काळी प्रश्न जाताना विचारतच नसत. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा अमेरिकेनं त्यांच्याकडे व्हिसा मागितला नाही. चौकशी करायला घरची माणसं बसलेली होती: समुद्र ओलांडला, प्रायश्चित्त घेणार की नाही? तेव्हा प्रवेशाची अट मायदेशाची होती. परक्या देशांनी ती प्रथा उचलली आणि पंचगव्याच्या जागी फी ठेवली.

गावातल्या मुसलमान मंडळींना मात्र ह्या वावरमीमांसेचा जाच नाही. बार्शीटाकळीतून हजला जाणारे नागपूरहून विमानात बसतात. सौदी सरकार त्यांना शेती विचारत नाही, मेंदूज्वराची लस घेतली काय ते विचारतं. पैसे आधी भरलेले, जायचा-यायचा दिवस ठरलेला, माणसं जथ्यानं. परतण्याचा पुरावा कोणी मागावा असा प्रसंगच नाही. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरम पुरुषाशिवाय चौघींच्या गटानं जाता येऊ लागलं. देवदत्ताच्या शेजारचे हाजीसाहेब त्याच्या कागदांचा गठ्ठा पाहून म्हणाले, "इतना तो हमारे निकाह में नहीं लगा था."

आता उत्तरार्ध, म्हणजे बूट.

वऱ्हाडची काळी माती हा भूशास्त्राचा आदरणीय विषय आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी प्यायलं की फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात तीच माती पायाला अशी धरते की चार पावलांत माणूस दोन इंच उंच होतो. कापसाला ओल धरून ठेवणारी माती हीच, आणि चप्पल ओढून घेणारीही हीच. २०१५ पासून तर सरकार तिला आरोग्यपत्रिका देतं. सामू किती, नत्र किती, पालाश किती, सगळं छापील. देवदत्ताच्या मातीकडे असा वैद्यकीय दाखला आहे. पासपोर्ट मात्र नाही.

आणि तिला पासपोर्ट न देण्याचं कारण, आम्ही कबूल करतो, चांगलं सबळ आहे. ऑस्ट्रेलियाचा सगळा जीव जनावरांत. लाळ्या-खुरकूत हा रोग तिथं १८७२ नंतर झालेला नाही. आपल्याकडे तो गोठ्यांत राबता ठेवून आहे, आणि २०१९ पासून सरकार त्यावर देशभर लसी टोचतं आहे. ह्या रोगाचा विषाणू चिखलातून, बुटाच्या तळव्यातूनही प्रवास करतो. २००१ साली इंग्लंडात साथ आली तेव्हा साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. २०२२ साली इंडोनेशियात साथ आल्यावर ऑस्ट्रेलियानं आपल्या विमानतळांवर सायट्रिक आम्लात भिजवलेली पायपुसणी अंथरली. तेव्हा त्यांनी बुटाकडे वाकून पाहिलं तर त्यांना हसण्यात अर्थ नाही. आमचं म्हणणं इतकंच की, वाकणारा माणूस आणि सातबारा मागणारा माणूस एकाच सरकारचे नोकर आहेत, आणि दोघांची अजून गाठ पडलेली नाही.

विमानात प्रत्येकाला एक कार्ड भरायला देतात. त्यात खाद्यपदार्थ, लाकूड, बिया, माती लागलेल्या वस्तू असं विचारून झाल्यावर एक प्रश्न असा येतो: गेल्या तीस दिवसांत शेत, शेतातली जनावरं, रानवट प्रदेश किंवा गोड्या पाण्याचे ओढे-तळी ह्यांच्याशी तुमचा संबंध आला होता काय? होय किंवा नाही, चौकटीत खूण करा.

बार्शीटाकळीच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे गेल्या तीस दिवसांत श्वास घेतला होता काय, असं विचारण्यापैकी आहे. त्यातून बाळ उलंगवाडी पाहून जन्माला येत नाही. एप्रिल-मे असता तर वावर उघडं पडलेलं, तीस दिवस तिकडं न फिरकता काढता आले असते. देवदत्त निघाला सप्टेंबरात. पऱ्हाटी पात्या-फुलांवर, फवारणीचे दिवस, आणि मागच्याच पंधरवड्यात पोळा. कार्डाच्या प्रश्नाशी पोळा हा एकच सण ताडून पाहा. आदल्या सांजेला खांदमळणी, म्हणजे बैलांच्या मानेला हळद-तूप लावून हातानं चोळणं आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देणं. दुसऱ्या सकाळी बैल नाल्यावर नेऊन धुणं, म्हणजे गोड्या पाण्याचा ओढा. परतताना वावरात चक्कर, म्हणजे शेत. दुपारी बैलांच्या पाया पडून स्वतःच्या हातानं पुरणपोळी चारणं, ह्याला संबंध म्हणायचं की काय ते ऑस्ट्रेलियन सरकारनं ठरवावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवदत्त महानला मेव्हण्याकडे गेला होता. महानचं धरण काटेपूर्णेवर, अकोला शहर त्याचंच पाणी पितं, आणि धरणाला लागून काटेपूर्णा अभयारण्य. रानवट प्रदेशही झाला. एका सणात अख्खी चौकट भरली.

भरीस ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, आणि ते पीक बाराव्या नमुन्यात चढतं. सातबारा ताजा हवा तर पीक पाहणी पाहिजे, आणि पीक पाहणी करायची तर वावरात पाय ठेवला पाहिजे. परतणार हे सिद्ध करणारा कागद स्वतःच ओरडून सांगतो की, ह्या माणसाचे बूट तपासा. नैयायिक ज्याला विरुद्ध हेत्वाभास म्हणतात, म्हणजे साध्य सिद्ध करायला आणलेला हेतू साध्याच्या उलटच साक्ष देतो, त्याचं इतकं सुरेख उदाहरण जुन्या ग्रंथांत आम्हाला मिळालं नाही.

बुटांचाही इतिहास आहे. अकोल्याहून, टिळक रोडवरून नवे कोरे घेतले होते. नवा बूट चावतो, म्हणून तो आधी मोडावा लागतो, आणि बूट मोडायला देवदत्ताला वावराखेरीज दुसरी जागा माहीत नाही. धुऱ्यानं दोन चकरा मारल्या. मग बाभळीच्या काट्यानं तळव्याच्या खाचा कोरल्या, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासल्या, उन्हात ठेवले. तळवा आडव्या नागमोडी खाचांचा होता. अशा खाचेत कोपऱ्यावर माती बसली की काटा शिरत नाही, हे पादत्राण बनवणाऱ्यांच्या लक्षात आणून दिलं पाहिजे.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, त्या कार्डावर सगळीकडे नो करा. लायनीत उभं राहायचं काम नाही."

"काहून? पोळा तं आत्ताच झाला."

"त्यायले का माहीत पडते?"

"अरे मंग सातबारा काहून धाडला? त्याच्यात तं वावर हाय म्हून लिवलं. एका टेबलावर हाय म्हना, दुसऱ्या टेबलावर नाही म्हना. उद्या दोघं जन भेटले तं?"

मुलाला ह्यावर उत्तर सुचलं नाही. त्याला पदवी होती, पण न्यायशास्त्राची नव्हे. वास्तविक बापाचा पक्ष व्यवहारातही बरोबर. तिथं 'होय' लिहिणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही. एका बाजूच्या रांगेत जायला सांगतात, विचारपूस करतात, सोडतात. खोटं 'नाही' लिहून पकडला गेला तर जबर दंड, आणि २०१९ पासून पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो. सत्याचा जय होतो की नाही ते तत्त्वज्ञांनी पाहावं. मेलबर्नला सत्य स्वस्त पडतं एवढं आम्ही सांगू शकतो.

देवदत्तानं 'होय' वर खूण केली. शेजारच्या सीटवरच्या नागपूरच्या मुलीनं प्रश्न वाचून दाखवला होता. मोठ्या मायचं कार्डही तिनंच भरलं, आणि देवदत्त होय म्हणाला म्हणून तिथंही होय.

काउंटरवरचा अधिकारी तरुण होता. मुलगी सोबतच होती म्हणून बोलणं झालं. शेत? हाओ. कोणतं? कापूस. जनावरं? बैलजोडी, एक गाय. देवदत्तानं बैलांची नावंही सांगितली, ती लिहून घ्यायला कार्डावर जागा नव्हती. बूट काढायला लावले. अधिकाऱ्यानं तळवा दिव्याखाली धरला, नागमोडी खाचेच्या कोपऱ्यात अणकुचीदार काहीतरी घातलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढी काळी गोळी बाहेर काढली. ती त्यानं एका पिशवीत टाकली. ज्या मालमत्तेच्या जोरावर देवदत्त तिथं उभा होता, तिचा हा परदेशात पोचलेला एकमेव अंश. बूट कसल्याशा पाण्यानं घासून परत मिळाले.

मग सामान. जवसाची चटणी आणि मुगवड्या उलटसुलट पाहून परत दिल्या. शेगावच्या प्रसादाचे पेढे गेले. खुरकूत असलेल्या देशाचा खवा चालत नाही. देवदत्तानं गजानन महाराजांचं नाव घेऊन पाहिलं, पण ती हमी तिथं धरत नाहीत. दुबईला जाणाऱ्यांनी खसखशीचं असंच लक्षात ठेवावं. आपल्या शिऱ्यातली खसखस तिथं अंमली पदार्थांच्या कायद्यात बसते. आपण तरी काय वेगळे? २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानं परदेशातली माती आणण्यावर आपल्याकडेही बंदी आहे. जगातला प्रत्येक देश दुसऱ्याच्या मातीला भितो आणि आपल्या मातीला आई म्हणतो.

इथवर प्रतिज्ञा सिद्ध झाली. पण एका गोष्टीचा विचार राहिला, ज्याकडे अर्ज तपासणारे, एजंट, मुलगा आणि खुद्द देवदत्त ह्या चौघांनीही दुर्लक्ष केलं होतं. सातबारा देवदत्ताच्या नावावर. मोठ्या मायचं नाव त्यात नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून. १९९२ साली सरकारनंही तसं परिपत्रक काढलं. देवदत्त तेव्हा सभेला गेला होता आणि टाळ्या वाजवून आला होता. तेव्हा व्हिसाशास्त्राप्रमाणे पाहिलं तर ह्या बाईला परत येण्याचं काहीच कारण नाही. वावर नाही, बोजा नाही, पासबुकात मोठी रक्कम नाही. देवदत्ताच्या सातबाऱ्याखाली तिला लहान पोरासारखं आत घेतलेलं.

आणि वावराशी संबंध म्हणाल, तर निंदण तिचं, वेचणी तिची, गाईची धार तिची, शेण तिचं. देवदत्त धुऱ्यावरून पाहायचा, ती सऱ्यांतून चालायची, आणि तेही अनवाणी. अधिकाऱ्यानं तिची सॅंडल उलटी करून पाहिली. ती अकोल्याच्या स्टेशनवर पहिल्यांदा पायात घातलेली, स्वच्छ. सॅंडल घालायला ती वाकली तेव्हा टाचा दिसल्या. तिच्या टाचांनाही भेगा आहेत, आणि त्या भेगांत चाळीस पावसाळ्यांची काळी रेघ बसली आहे, जी दगडानं जात नाही, साबणानं जात नाही, बाभळीच्या काट्याचा तर प्रश्नच नाही. कार्डात बूट विचारले होते, उपकरणं विचारली होती, जनावरं विचारली होती. टाच ही माती लागलेली वस्तू मानायची की प्रवासी, ह्याचा निर्णय कोणत्याही देशाच्या नियमांत आम्हाला मिळाला नाही. अधिकारी क्षणभर पाहत राहिला, मग हातानं खूण केली, जा.

मोठी माय जागची हलली नाही. नागपूरच्या मुलीला म्हणाली, "त्याले इचार बाई. वावर यायच्या नावावर, अन् माती माह्या टाचंत. मंग दंड बसला असता तं कोनाच्या नावावर बसला असता?"

मुलीनं ह्याचं इंग्रजी केलं नाही. देवदत्ताला वऱ्हाडी चांगली येते, पण तो पट्ट्यावरच्या बॅगा मोजण्यात गुंतला होता.